फोटोची डावी बाजू

मित्रांनो, मी कॅमेरा आहे. जुना तर आहेच, आता बंदही पडलो आहे. डोंबिवली पूर्वेला एका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर, पुस्तकांच्या कपाटात, शब्दकोश आणि जगाचा नकाशासंग्रह यांच्या मधल्या जागेत मी असतो. पाहुणे मला हातात घेतात, बटण दाबून बघतात आणि विचारतात, "चालतो का हो हा?" सरोजबाई म्हणतात, "नाही. पण असू दे तिथे."

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथून खोक्यात बंद होऊन मी ठाण्याच्या एका दुकानात आलो आणि काचेमागे बसून राहिलो. तरुण मुलं यायची, मला डोळ्याला लावायची, पुन्हा ठेवून द्यायची. एके दिवशी सुती साडीतल्या, खांद्याला कापडी पिशवी लावलेल्या एक बाई आल्या. दुकानदाराने विचारलं, "मुलासाठी घेताय का?"

"माझ्यासाठी," त्या म्हणाल्या.

त्या सरोजबाई. कल्याणच्या शाळेत त्यांनी सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात घालवली होती. कच्छचं रण, सुंदरबन, हिमालयाच्या रांगा, सगळं त्यांनी मुलांना फळ्यावर फिरवून आणलं होतं. स्वतः मात्र महाबळेश्वरच्या पलीकडे फारशा गेल्या नव्हत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं की जे शिकवलं ते एकदा बघायचं, आणि बघितलेलं घरी आणायचं. त्यासाठी मी.

पहिले फोटो त्यांच्या यजमानांचे निघाले. गुरुदत्तराव पेपर वाचतायत, गुरुदत्तराव पेपर मिटतायत, गुरुदत्तराव म्हणतायत, "पुरे आता." सगळे हललेले. मग सरोजबाईंनी पायलला फोन केला. पायल ही त्यांची जुनी विद्यार्थिनी, कोपरला राहणारी, ठाण्याला इंजिनीयर म्हणून नोकरी करणारी. तिला फोटोग्राफीचा नाद होता. रविवारी सकाळी ती दारात हजर झाली आणि बाईंना शिकवायला बसली.

"बाई, कोपर अंगाला चिकटवून धरा. श्वास अर्धा सोडा आणि मग दाबा."

"परीक्षेत उत्तर येत नसलं की तू श्वास धरून बसायचीस," सरोजबाई म्हणाल्या. "आठवतंय मला."

पायल हसली, पण शिकवताना तिने हयगय केली नाही. सकाळचा सूर्य पाठीशी ठेवायचा. पक्षी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उडतो, म्हणून वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं, म्हणजे तो आपल्याकडे येतो. उभ्याने फोटो काढला तर पक्षी चिल्लर दिसतो, म्हणून खाली बसायचं, जमलं तर पोटावर झोपायचं, त्याच्या डोळ्याच्या उंचीला जायचं. बाकी काही पुसट झालं तरी चालेल, त्याचा डोळा लख्ख हवा. तो ज्या बाजूला बघतोय त्या बाजूला मोकळी जागा सोडायची, नाहीतर तो भिंतीवर आपटल्यासारखा वाटतो. आणि दाबण्याआधी चारही कोपऱ्यांवरून एकदा नजर फिरवायची.

सरोजबाईंनी हे सगळं चांगल्या विद्यार्थ्यासारखं अंगी बाणवलं. कोपरच्या खाडीकाठी त्या चटईवर पालथ्या पडायच्या. आजूबाजूने जाणारी माणसं थांबून बघायची. लांब गुलाबी पायांचे शेकाटे चिखलात चोच मारत पुढे पुढे यायचे, इतके जवळ की माझ्यात मावायचे नाहीत. तेव्हा त्या बटण न दाबता नुसत्या बघत राहायच्या. मला त्यांचा श्वास ऐकू यायचा. मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राला आनंद होतो की नाही ते मला ठाऊक नाही. पण त्या सकाळी मला कोणी खोक्यात परत ठेवलेलं आवडलं नसतं.

आम्ही फिरलो. कच्छच्या रणात पांढऱ्या जमिनीवर त्यांनी स्वतःच्या लांब सावलीचा फोटो काढला. सुंदरबनात होडीतून दिवसभर वाघ दिसला नाही, तर त्यांनी वाघाच्या पावलांच्या ठशांचे फोटो घेतले आणि त्यावरच खूश झाल्या. ठाण्याच्या एका सभागृहात त्यांच्या पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या हौशी गटाचं प्रदर्शन भरलं. पाण्यात चोच घालून फडफडणाऱ्या खंड्याच्या फोटोपुढे लोक थांबत होते. त्यांची मुलगी अंतरा, जी ठाण्यालाच राहते, आपल्या ऑफिसातल्या मैत्रिणींना घेऊन आली आणि सगळ्यांना सांगत होती, "माझ्या आईने काढलाय."

त्यानंतर कुठेतरी बिघडायला लागलं.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. एका फोटोत वेडा राघू डावीकडे बघत होता आणि त्याची चोच कडेला टेकली होती. दुसऱ्यात डाव्या वरच्या कोपऱ्यातून एक वाळकी काटकी आत शिरली होती. तिसऱ्यात बगळ्याचा पंखच कडेला कापला गेला होता. गटातल्या लोकांनी आधी कौतुक केलं. सुशांत नावाचे एक गृहस्थ होते, ते म्हणाले, "सरोजताई आता नियम मोडायला लागल्या. धाडसी मांडणी आहे." सरोजबाई हसल्या. घरी आल्यावर मात्र त्यांनी तो फोटो संगणकावर मोठा करून खूप वेळ बघितला. काटकी त्यांना पडद्यावर व्यवस्थित दिसत होती. काढताना ती तिथे नव्हती, याची त्यांना खात्री होती.

मी सांगतो, होती. मला दिसली होती.

त्यांनी मलाच दोष दिला. "हा डावीकडे काहीतरी जास्त घेतोय," त्या गुरुदत्तरावांना म्हणाल्या. "मी बघते एक, छापतो एक." आम्ही कल्याणला रतनच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. त्याने भिंतीवर आखलेला कागद लावून माझ्यातून फोटो काढले, मला उघडलं, पुसलं, बंद केलं. "बाई, ह्याच्यात काही वाकडं नाही," तो म्हणाला. सरोजबाईंना ते पटलं नाही. पुढच्या रविवारी त्यांनी पायलचा नवा कॅमेरा मागून घेतला आणि सकाळभर त्याच्यातून फोटो काढले. मी पायलच्या गळ्यात होतो. घरी येऊन ते फोटो उघडले, तेव्हा डावीकडे पुन्हा तेच: टेकलेल्या चोची, शिरलेल्या काटक्या.

त्या दिवसापासून मला कोणी दोष दिला नाही. पण सरोजबाई बोलेनाशा झाल्या.

त्या फोटो काढायच्या आणि घरी पोचायच्या आधीच पुसून टाकायच्या. गटाने मागितले की म्हणायच्या, आज प्रकाश नव्हता. त्या मला डोळ्याला लावून, डावा डोळा मिटून, घरातल्या घरात दाराची चौकट बघायच्या, मग मान थोडी वळवायच्या, पुन्हा बघायच्या. दोन्ही डोळे उघडे असले की सगळं ठीक दिसायचं, कारण उजव्या डोळ्याला जे दिसत नव्हतं ते डावा भरून काढत होता. फक्त माझ्यातून बघताना उजवा डोळा एकटा पडायचा.

त्या का बोलल्या नाहीत ते मला पुढे कळलं, त्यांनीच गुरुदत्तरावांना सांगितलं तेव्हा. त्यांच्या आईची नजर गेली होती. कल्याणला पारनाक्याच्या घरात आईला आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलं, मग काहीच नाही. वय झालं की असं होतं, असं म्हणून कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. आधी तिला स्टोव्हजवळ जाऊ देईनात. मग बाहेर जाऊ देईनात. शेवटी खिडकीशी एका खुर्चीत बसवून ठेवलं. सरोजबाईंनी माणूस वस्तू होताना पाहिलं होतं. मी वस्तूच आहे, म्हणून मला सांगता येतं की तशी खुर्ची माणसासाठी नसते.

आणि समोर मुनस्यारी होती. हिमालयाच्या कुशीतलं ते गाव त्यांनी वर्षानुवर्षं नकाशात बोटाने दाखवलं होतं. तिथे वसंतात मोनाल दिसतो, अंगावर मोरपिशी रंगांची झळाळी असलेला पहाडी पक्षी. पायल आणि त्यांनी मिळून तिकिटं काढली होती. आता सांगितलं तर सगळे म्हणतील नको जाऊस. म्हणून त्यांनी ठरवलं, आधी मुनस्यारी, मग डॉक्टर.

थंडी सुरू झाली तशी आम्ही सरावासाठी कोपरला गेलो. ओहोटी होती. खाडीच्या कडेने मातीचा एक अरुंद बांध जातो, त्यावर पायल आणि सरोजबाई उभ्या होत्या. उजवीकडून एक भोवत्या आला. हा शिकारी पक्षी गवताच्या शेंड्यांवरून खालून खालून उडतो, पंख फारसे न हलवता. सरोजबाईंनी डावा डोळा मिटला आणि मला वळवत त्याच्या मागे जाऊ लागल्या. तो उजवीकडून मध्ये आला, मधून डावीकडे सरकला. माझ्यात तो स्वच्छ होता. पिवळसर डोक्यावरचं एकेक पीस मला दिसत होतं.

"कुठे गेला," त्या पुटपुटल्या.

तो कुठेच गेला नव्हता. त्या जिथे बघूच शकत नव्हत्या तिथे होता. त्याला शोधायला त्यांनी डावीकडे एक पाऊल टाकलं. आणखी एक टाकलं. बांध तिथे संपत होता.

चिखल मऊ होता म्हणून डोकं वाचलं. पण हात टेकायला गेल्या आणि डावं मनगट मोडलं. मी त्यांच्या अंगाखाली खारट चिखलात गेलो. पायल पाठोपाठ खाली उतरली, मांडीपर्यंत रुतली, आणि दोन्ही काखांत हात घालून तिने बाईंना वर ओढलं. वर आल्यावर दोघी धापा टाकत बसल्या. पायल हळूच म्हणाली, "बाई, तो पक्षी तुमच्या समोरच होता."

सरोजबाई उजव्या हाताने माझ्यावरचा चिखल पुसू लागल्या.

"मला बरेच दिवसांपासून वाटत होतं. तुम्ही माझा कॅमेरा घेतलेला ना, त्याच्यातले फोटो मी पण बघितलेले." तिने बाईंचं सुजणारं मनगट आपल्या मांडीवर घेतलं. "पण तुम्ही बाई. तुम्हाला मी कसं सांगणार."

"पाय घसरला माझा," सरोजबाई म्हणाल्या. "शेवाळं होतं. घरी तेवढंच सांग."

घरी तेवढंच सांगितलं गेलं. हाताला प्लास्टर लागलं. गुरुदत्तरावांनी मला ओल्या फडक्याने पुसलं, पंख्याखाली ठेवलं, तांदळाच्या डब्यात पुरलं. त्यांना कॅमेऱ्यातलं काही कळत नव्हतं, पण बायकोची वस्तू वाया जाऊ नये एवढं कळत होतं. माझ्या आत मात्र मीठ शिरलं होतं. मी पुन्हा चालू झालो नाही.

डब्यातून काढून त्यांनी मला टेबलावर ठेवलं, त्याच्या दुसऱ्या सकाळची गोष्ट. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर सरोजबाई उभ्या होत्या. उजव्या तळहाताने त्यांनी डावा डोळा झाकला होता. गुरुदत्तराव चहा घेऊन आले आणि दारातच थांबले.

"काय बघतेस?"

"काही नाही. कोणता वार आहे ते."

"वार बघायला डोळा झाकावा लागतो?"

गुरुदत्तरावांनी चहा टेबलावर ठेवला आणि शेजारी येऊन उभे राहिले. "असाच झाकून ठेव. मधल्या एखाद्या तारखेकडे बघ, आणि नजर न हलवता सांग, डावीकडच्या चौकटीत काय आहे?"

"काही नाही. कोरी आहे."

"सरोज, तिथे मी लाल पेनाने 'प्लास्टर' असं लिहिलंय. तुला परत दाखवायला न्यायचंय त्या दिवसाचं."

त्यांनी हात खाली घेतला. दोन्ही डोळ्यांनी त्या लाल अक्षरांकडे बघत राहिल्या, आणि मग खुर्चीत बसल्या. तेव्हा आईचं सगळं बाहेर आलं. गुरुदत्तराव ऐकत होते. चहावर साय आली.

"केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

"रतनकडे कॅमेरा नेला होता, त्याच्या पुढच्या आठवड्यापासून कळत होतं."

"म्हणजे वर्ष होत आलं. मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं."

गुरुदत्तराव रागावले नाहीत. रागावले असते तर बरं, असं मला वाटलं. ते गॅलरीत जाऊन कुंड्यांकडे पाठ करून उभे राहिले आणि बराच वेळ आत आले नाहीत. मग आत येऊन त्यांनी फोन उचलला आणि ठाण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

दवाखान्यात मी नव्हतो. पण परत आल्यावर त्यांनी सांगितलं ते ऐकलं. एका पांढऱ्या गोलासमोर हनुवटी टेकून बसवतात, हातात एक बटण देतात. गोलात कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. "बटण दाबायची मला सवय," सरोजबाई म्हणाल्या. "उजव्या डोळ्याच्या वेळी मी नुसती वाट बघत बसले होते. वाटलं, मशीन थांबलं की काय. ते चालू होतं."

काचबिंदू होता. डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू सुकवतो. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. उजव्या डोळ्याचं गेलेलं परत येणार नव्हतं. डाव्यातही सुरुवात झाली होती, पण तिथलं राखता येईल, असं डॉक्टर म्हणाल्या. थेंब आयुष्यभर, एकही दिवस न चुकवता. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला होता?"

"आईला."

"मुलं किती तुम्हाला?"

"एक मुलगी."

"तिला लवकर घेऊन या. हा आजार घराण्यातून येतो."

वर्षभर सरोजबाईंना वाटत होतं की हे गुपित फक्त त्यांचं आहे.

अंतरा फोनवर म्हणाली, "अगं आई, मला चष्मासुद्धा नाही. पुढच्या महिन्यात बघते, आता ऑफिसात फार धावपळ आहे." दोन वेळा असंच झालं. तिसऱ्या वेळी सरोजबाईंनी फोन केला नाही. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून त्या एकट्या ठाण्याला तिच्या घरी गेल्या आणि चप्पल न काढता दारात उभ्या राहिल्या. "पुढच्या महिन्यात बघू, असंच मी वर्षभर म्हणत होते," त्या म्हणाल्या. "पर्स घे आणि चल."

अंतराच्या डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला. नजर अजून कणभरही गेली नव्हती. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाल्या.

सरोजबाईंना वाटलं होतं, लेक बिलगेल. डोंबिवलीच्या घरी आल्यावर अंतरा टेबलाशी बसली, मला उगाच हातात घेतलं, फिरवलं, खाली ठेवलं. "तू वर्षभर गप्प बसलीस," ती म्हणाली. "आई, त्यात माझेपण डोळे होते."

"मला माहीत नव्हतं गं."

"विचारलं असतंस तर कळलं असतं. तुला फक्त त्या डोंगरावर जायचं होतं."

अंतरा निघून गेली. पुढे कित्येक आठवडे ती आली नाही. फोन यायचा तो गुरुदत्तरावांना. सरोजबाई जवळ उभ्या राहून ऐकायच्या आणि फोन ठेवल्यावर एवढंच विचारायच्या, "थेंब घालतेय ना?"

मुनस्यारीची तिकिटं रद्द झाली. पायलनेही आपलं रद्द केलं. सरोजबाई म्हणाल्या, "तू तरी जाऊन ये," तर ती म्हणाली, "तुमच्याशिवाय मला तिथे रस्ता कोण सांगणार? भूगोलात माझे मार्क तुम्हाला माहितीयत." तिने आपला जुना कॅमेरा बाईंना वापरायला दिला. आता त्या डाव्या डोळ्याने बघतात. जमत नाही. नाक कॅमेऱ्याच्या पाठीवर दबतं, वाफ धरते, क्षितिज तिरकं येतं. पहिल्या सकाळचे सगळे फोटो असे तिरके होते. त्यांनी एकही पुसला नाही. गुरुदत्तरावांना शेजारी बसवून एकेक दाखवला, आणि त्यांनीही, काही न कळता, प्रत्येक फोटो नीट बघितला. आता बांधावर जाताना तेही बरोबर असतात. बाईंनी डोळ्याला कॅमेरा लावला की ते मागून त्यांचा पदर धरून ठेवतात. आधी बाईंना याचा संकोच वाटायचा.

एका रविवारी दुपारी अंतरा आली. हातात बाटली होती. "मला जमत नाहीत," ती दारातच म्हणाली. "सारखे गालावर पडतात. निम्मं औषध वाया जातं."

सरोजबाईंनी तिला खिडकीशी खुर्चीत बसवलं. प्लास्टर तेव्हा निघालं होतं, पण मनगट अजून ताठ होतं. त्यांनी लेकीची मान मागे टेकवली, खालची पापणी बोटाने हलकेच ओढली आणि श्वास अर्धा सोडला. "वर बघ," त्या म्हणाल्या. थेंब बरोबर पडला. मग दुसऱ्या डोळ्यात. अंतरा डोळे मिटून तशीच बसली. तिच्या गालावरून पाणी ओघळलं. ते औषधाचं होतं की काय, मला कळलं नाही.

"आता तू बस," ती म्हणाली आणि उठून आईला खुर्ची दिली.

मित्रांनो, ही माझी गोष्ट कमी आणि सरोजबाईंची जास्त झाली. पण माझ्यातून त्यांनी जेवढं बघितलं तेवढंच माझं आयुष्य. म्हणून एक मागणं मागतो. आज कधीतरी एक डोळा झाका आणि दुसऱ्याने समोरच्या भिंतीकडे बघा. मग दुसरा झाका. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही तसं करायला सांगा. आजी-आजोबांची नजर कशाने गेली ते आईवडिलांना विचारा. आणि आपल्या माणसाचं काही चुकत चाललंय असं दिसलं, तर ते मोठे आहेत, रागावतील, म्हणून गप्प राहू नका.

मला सगळं दिसत होतं, पण बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.